महाविद्यालयांच्या हरित उपक्रमांना उन्हाळा का सोसत नाही

पावसाळा सुरू झाला की महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक महाविद्यालयात वृक्षारोपण होते आणि त्यात उतरलेली मुले ते मनापासून करतात, हे राष्ट्रीय सेवा योजनेचे काम जवळून पाहणारा शिक्षक म्हणून मी खात्रीने सांगू शकतो. खड्डे खणणे, रोपाला बांबूचा आधार देणे, आळे करणे, गावात पथनाट्य करणे, भित्तिपत्रके रंगवणे, यांपैकी कशातही त्यांचा उत्साह कमी पडत नाही. तरीही पुढच्या जूनमध्ये त्याच जागी गेले, तर बरीचशी आळी रिकामी दिसतात. मग मुलांना फक्त फोटो काढायचे असतात, असा शेरा मारून आपण मोकळे होतो. हा शेरा मला अन्यायाचा वाटतो, कारण मूळ दोष आपल्या शैक्षणिक वेळापत्रकात आहे.

मार्चपासून मुले परीक्षेच्या धांदलीत असतात आणि त्यानंतर सुट्टी लागून वसतिगृहे रिकामी होतात. पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर मुरमाड जमिनीत लावलेल्या रोपाला नेमकी त्याच वेळी पाण्याची सर्वाधिक गरज असते, आणि पहिले दोन-तीन उन्हाळे कोणी सांभाळले नाहीत तर ते सहसा तग धरत नाही. गांडूळखताचेही तसेच आहे. खड्ड्यावर टाकलेले गोणपाट ओले राहिले पाहिजे. मे महिन्यात पाणी शिंपडायला कोणी नसले, तर वर्षभर जपलेली गांडुळे काही दिवसांत मरतात, आणि खाणावळ बंद असल्याने त्यांना खाद्यही मिळत नाही. बी गोळा करण्याचा हंगामसुद्धा सुट्टीतच येतो. पळसाच्या चपट्या शेंगा मे-जूनमध्ये तयार होतात, तर जांभळाचे बी सुकले की रुजत नाही, म्हणून ते ताजेच पेरावे लागते. मुले परत येईपर्यंत हे सारे हातचे गेलेले असते आणि आपली रोपवाटिका उभी करण्याऐवजी महाविद्यालय बाहेरून तयार रोपे विकत आणते.

याउलट जे काम सत्राच्या चौकटीत बसते, ते मुले उत्तम पार पाडतात. गणेशोत्सवात घाटांवर उभे राहून निर्माल्य वेगळे करणारी मुले पुणेकरांनी पाहिलेली आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने विकसित केलेल्या पद्धतीने प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात विरघळवता येते. तळाशी कॅल्शियम कार्बोनेटचा साका बसतो आणि वर राहिलेले अमोनियम सल्फेटचे पाणी खत म्हणून वापरता येते. हे काम काही दिवसांत पुरे होते आणि त्याचा परिणाम डोळ्यांसमोर दिसतो. रसायनशास्त्राच्या मुलांना वर्गातले समीकरण सोसायटीच्या आवारात, बादलीभर पाण्यात खरे होताना दाखवता येते, याहून चांगले प्रात्यक्षिक मला ठाऊक नाही.

दीर्घकाळ चालणाऱ्या कामांचे काय, याचे उत्तर आपल्याच नाट्यमंडळांकडे आहे असे मला वाटते. पुरुषोत्तम करंडक ही महाविद्यालयांची एकांकिका स्पर्धा १९६३ पासून सुरू आहे. त्यात उतरणाऱ्या महाविद्यालयांच्या संघांत दर तीन वर्षांनी सगळी माणसे बदलतात, तरी संघ टिकून राहतो. पदवी घेऊन बाहेर पडलेला दादा किंवा ताई तालमीला येऊन बसते, पहिल्या वर्षाचा मुलगा आधी नेपथ्य उचलतो, मग प्रकाशयोजना शिकतो, आणि मागच्या एकांकिकेची लेव्हल, म्हणजे रंगमंचावरचा लाकडी चौथरा, या वर्षी रंग बदलून पुन्हा उभी राहते. मंडळाला स्वतःची खोली असते, तिची किल्ली मुलांकडे असते आणि चुकण्याची मुभाही असते. आपल्या पर्यावरण मंडळांना यांतले काहीच दिलेले नसते. त्यांना एक बॅनर मिळतो, उद्घाटनाला पाहुणे मिळतात आणि अहवालाची तारीख मिळते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या अभ्यासक्रमात आता क्षेत्र प्रकल्पांना आणि समाजाशी जोडणाऱ्या प्रकल्पांना श्रेयांक (क्रेडिट) आहेत. याचे मी स्वागत करतो, पण मनात धास्तीही आहे. श्रेयांक सत्राअखेरीस द्यायचे म्हटले, की प्रकल्पही सत्राअखेरीस संपवावा लागतो आणि त्याची जागा स्पायरल बाइंडिंग केलेली फाइल घेते. एका तुकडीने लावलेली झाडे दुसरीने मोजावीत, जगली-मेलेल्यांची कारणे लिहावीत आणि त्या नोंदीलाही लागवडीइतकेच श्रेयांक मिळावेत, एवढी तरतूद विद्यापीठांनी केली तरी पुष्कळ फरक पडेल. मेलेल्या रोपाची प्रामाणिक नोंद हा अभ्यासच आहे, त्याबद्दल कोणाचे गुण कापले जाऊ नयेत.

दुसरी सूचना पैशांची आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केले, ते ‘कमवा व शिका’ या तत्त्वावर. गरिबाच्या मुलाने अंगमेहनत करून सन्मानाने शिकावे, ही त्यामागची भूमिका होती. आज याच नावाने चालणाऱ्या योजनांत बरीच मुले कार्यालयात कागद लावताना दिसतात. त्यांपैकी काहींना उन्हाळ्यात रोपवाटिका, खतखड्डे आणि टेकडीवरची झाडे सांभाळण्याचे काम तासांच्या हिशेबाने मेहनताना देऊन का देऊ नये? सुट्टीत गावी जाऊन मजुरी करणारी मुले आपल्या वर्गात आहेत. पर्यावरणाचे काम फुकटच करायचे असते असे गृहीत धरले, की ते फक्त ज्यांना परवडते त्यांच्यापुरते उरते, आणि शेतीत हात घातलेली, माती ओळखणारी मुले त्यातून आपोआप गळतात.

हे करायचे तर मेची वाट पाहून चालणार नाही. कामाचे तास, पाण्याची सोय, आवाराची किल्ली कोणाकडे राहील आणि मेहनताना कोणत्या खात्यातून निघेल, हे प्राचार्य आणि मुलांनी जानेवारीतच एकत्र बसून ठरवावे लागेल, कारण मार्च उजाडला की मुले भेटत नाहीत.