कुत्रा खोटा, भूत खरं

तुमच्याकडे आठ कोटी चाळीस लाख डॉलर पडून असतील आणि त्यांचं काय करावं हे सुचत नसेल, तर घरातली वडीलधारी माणसं सांगतील की जमीन घ्या, सोनं घ्या. त्यांचं ऐकू नका. दोन पिढ्यांना तोंडपाठ असलेलं एखादं रहस्याचं कार्टून शोधा, हाडामांसाचे नट गोळा करा आणि सिनेमा काढा. वॉर्नर ब्रदर्सनी २००२ साली 'स्कूबी-डू'चं हेच केलं, आणि तेही साधारण एवढ्याच पैशांत. तुम्हाला नवीन काहीच शोधायचं नाही. वाट आधीच मळलेली आहे, चिखलासकट.

मूळ कार्टून बघण्याच्या फंदात मात्र पडू नका. बघितलंत तर ते कसं चालतं हे कळेल, आणि कळलं की हात कापायला लागतील. तरी मुलाखतीत कुणी विचारलंच तर दोन वाक्यं फेकता यावीत, म्हणून थोडक्यात सांगून ठेवतो.

१३ सप्टेंबर १९६९ ला अमेरिकेत सीबीएस या टीव्ही चॅनेलवर ते सुरू झालं. हॅना-बार्बेरा ही कंपनी, जो रुबी आणि केन स्पिअर्स हे लेखक. त्या सुमारास शनिवार सकाळच्या कार्टूनमध्ये उठसूट ठोसे मारणारे सुपरहीरो असायचे आणि त्यावरून पालकांच्या संघटना चिडलेल्या होत्या. म्हणजे थरार तर हवा, पण हाणामारी नको. म्हणून चार तरुण पोरं, एक रंगीबेरंगी व्हॅन आणि गावोगावची भुतं असा बेत ठरला. सुरुवातीची चित्रं बघून चॅनेलच्या वरिष्ठांना वाटलं, हे फारच भीतिदायक आहे, लेकरं घाबरतील. मग मागच्या रांगेतला कुत्रा पुढे आणला. पोराला भीती वाटायच्या आत त्याच्यापेक्षा दुप्पट घाबरून टेबलाखाली शिरणारं कुणीतरी पडद्यावर असलं, की पोर हसतं. इतका साधा हिशेब होता.

त्या कुत्र्याचं चित्र काढलं इवाओ ताकामोतो यांनी. स्टुडिओतल्याच एका बाई ग्रेट डेन जातीचे कुत्रे पाळायच्या. त्यांना ताकामोतोंनी विचारलं, चांगल्या जातिवंत ग्रेट डेनची लक्षणं काय? त्यांनी ती हौसेने सांगितली. ताकामोतोंनी सगळी नीट ऐकून घेतली आणि बरोब्बर उलटी वापरली. पाठ ताठ हवी तर उतरती, पाय सरळ हवेत तर फेंगडे, आणि वर दुहेरी हनुवटी. स्कूबी हा नियमांनुसार बिघडवलेला कुत्रा आहे. म्हणूनच तो जवळचा वाटतो.

आता भूत. आमच्या लहानपणी केबलवर कार्टून नेटवर्क लागायचं तेव्हा आजीही खुर्ची ओढून बसायची. आजी कोकणातली, इंग्रजीचा गंध नाही. पण पाचव्या मिनिटाला ती एकच प्रश्न विचारायची, "जागा कुणाच्या नावावर आहे रे?" आणि गुन्हेगार तिला कळलेला असायचा. खाणीत भूत फिरतंय? तिथल्या माणसाला खाणीत तेल सापडलेलं असतं आणि मालकाला हुसकावून लावायचं असतं. पडक्या विमानतळावर परग्रहावरचा सांगाडा हसतोय? शेजाऱ्याला ती जमीन स्वस्तात घेऊन हवाई दलाला विकायची असते. बँक लुटणारा कुबडा राक्षस निघतो खुद्द बँकेचा अध्यक्ष. आजीने भाऊबंदकीचे दोन खटले जवळून बघितले होते. मुखवट्याखाली कोण आहे यापेक्षा मुखवट्याखाली कागद कोणता आहे, हे तिला आधी दिसायचं.

खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनीही या कार्टूनचं कौतुक केलं होतं, ते याचसाठी. इथे अघोरी वाटणारी प्रत्येक गोष्ट तपासली जाते आणि दर वेळी तिचं साधं, रोजच्या जगातलं कारण निघतं. सेगन आणि आमची आजी यांचं एवढ्या एकाच बाबतीत जमलं असतं. बाकी आजी अमावस्येला नखं कापू द्यायची नाही.

तर तुमच्या सिनेमात पहिलं काम हे करा: भूत खरं करून टाका.

मुखवटा काढला की खाली म्हातारा निघतो आणि "ही चोंबडी पोरं आडवी आली नसती तर..." म्हणत पोलिसांबरोबर जातो, हे तुमच्या बजेटला शोभत नाही. म्हाताऱ्याला लागतो एक मुखवटा आणि एक पांढरी चादर. त्यात आठ कोटी डॉलर कसे संपणार? २००२च्या सिनेमाने हा प्रश्न नीट सोडवला. एका बेटावरचं मनोरंजन पार्क, तिथे येणाऱ्या तरुणांच्या शरीरात शिरणारे खरेखुरे राक्षस, आत्म्यांची चोरी, एक प्राचीन विधी, आणि उन्हात आले की फुटणारी ती भुतावळ. आजी असती तर पाचव्या मिनिटाला तिने विचारलंच असतं, आणि तिला उत्तर मिळालं नसतं. राक्षसाला सातबारा लागत नाही.

मुखवटा निघतो हं, नाही असं नाही. बेटाचा मालक म्हणून मिस्टर बीनवाले रोवन अ‍ॅटकिन्सन असतात. त्यांचा चेहरा उघडतो तर आत यंत्र, आणि यंत्रात बसलेलं कुत्र्याचं पिल्लू. हे पिल्लू म्हणजे स्क्रॅपी-डू, स्कूबीचा भाचा. १९७९ मध्ये मालिका पडायला लागली तेव्हा तिला सावरायला त्याला आणला होता. त्याने तेव्हा खरोखर मालिका सावरली आणि बदल्यात जन्मभराचा तिरस्कार कमावला. सिनेमात त्याचं पूर्वायुष्यही आहे: व्हॅनमध्ये चौघांतल्या डॅफ्नीच्या अंगावर लघवी करतो, नेता व्हायचं म्हणतो, म्हणून भर रस्त्यात उतरवला जातो. हे ध्यानात ठेवा. ज्याने पडत्या काळात घर चालवलं, त्याला खलनायक करा. प्रेक्षक टाळ्या वाजवतील.

दुसऱ्या भागात, २००४ साली, त्यांनी यावर कडी केली. जुन्या गुन्हेगारांचे पोशाख, तेच मुखवटे आणि चादरी, एका संग्रहालयात मांडून ठेवतात आणि मग एका यंत्राने तेच पोशाख जिवंत होऊन खरी भुतं होतात. पस्तीस वर्षांचा पुरावा काचेच्या कपाटात होता, तो कपाटातून बाहेर पडून लोकांच्या अंगावर धावला. याहून थेट माफीनामा मी तरी पाहिलेला नाही. रॅझी पुरस्कारवाल्यांना मात्र त्यातली कविता कळली नाही. त्यांनी त्याला त्या वर्षीचा सर्वात वाईट सिक्वेल ठरवलं.

भूत खरं झालं, आता कुत्रा खोटा करा. या क्रमात गडबड नको. ताकामोतोंनी चार रेषांत जो घाबरट कुत्रा काढला, त्याला संगणकाने एकेक केस लावा, पापण्या लावा, ओल्या नाकावर चकाकी आणा. नटांना रिकाम्या जागेकडे बघून प्रेमाने बोलायला लावा. निकाल असा येईल की कुत्रा कुत्र्यासारखाही दिसणार नाही आणि चित्रासारखाही नाही, लग्नात न बोलावता आलेल्या दूरच्या पाहुण्यासारखा दिसेल. सगळे त्याच्याशी बोलतात, कुणी त्याच्याकडे नीट बघत नाही. आणि तो घाबरला तर पोरं हसत नाहीत. कारण भूत खरं आहे, घाबरायलाच हवं. पालकांना शांत करायला जे दोन हजार रुपयांचं यंत्र १९६९ला बसवलं होतं, ते तुम्ही आठ कोटी डॉलरना यशस्वीपणे मोडलं. शाबास.

संगणक आहेच, तर त्याच्याकडून आणखी एक काम करून घ्या. पहिल्या सिनेमाचे लेखक जेम्स गन यांनी नंतर सांगितलं की त्यांनी लिहिलेला सिनेमा बराच मोठ्यांचा होता. पहिल्या संकलनाला अमेरिकेतल्या सेन्सॉरसारख्या मंडळाने थेट प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र दिलं. मग छाटाछाट झाली आणि नायिकांचे गळे संगणकाने झाकले गेले. म्हणजे एका खोलीत कुत्र्याला केस लावताहेत आणि शेजारच्या खोलीत बायकांना कापड. मुलांसाठी सिनेमा करायचा असेल तर हीच पद्धत: आधी मोठ्यांचा करा, मग त्यातून मोठ्यांना आवडेल ते काढा, मुलांना आवडेल ते मुळात नव्हतंच. उरतं काय, तर चौघांतला शॅगी आणि कुत्रा यांच्यातली ढेकर आणि पाद यांची जुगलबंदी. ती मात्र सेन्सॉरने सुखरूप ठेवली. गन यांचं काही बिघडलं नाही. २०२२ पासून ते सुपरमॅन-बॅटमनवाल्या डीसी स्टुडिओजचे सहप्रमुख आहेत.

कपड्यांबद्दल फार विचार करू नका. जांभळा झगा, नारिंगी गळपट्टा, हिरवा टीशर्ट आणि तो चष्मा, सगळं जसंच्या तसं. चित्रात कपडे न बदलण्याचं कारण कंजुषी होतं, दर वेळी नवीन रंग कोण भरणार? पळापळीतही तीच खिडकी, तीच कुंडी मागून पुन्हा पुन्हा जायची. तुम्ही ती कंजुषी विकत घ्या, शिलाईसकट. शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या वेशभूषा स्पर्धेत पालकांनीच भाग घेतल्यासारखं दिसलं तर दचकू नका.

एकच धोका आहे. चौघांतला एखादा नट काम खरंच चांगलं करून बसतो. पहिल्या सिनेमात मॅथ्यू लिलार्डने शॅगी असा केला की बघताना वाटतं, याला कुणीतरी रेषांतून उचलून आणलाय. तो फाटका आवाज, ते आकाशाकडे उडणारे हातपाय. मूळ आवाज केसी केसम यांचा. (ते स्वतः शाकाहारी. बर्गरच्या जाहिरातीत शॅगीचा आवाज द्यायला नको म्हणून त्यांनी ही भूमिकाच काही वर्षं सोडली होती आणि परत येताना शॅगी शाकाहारी असेल ही अट घातली. बटाटेवड्यावर वाढलेल्या आम्हा लोकांना हे ऐकून उगाच भरून येतं.) केसम २००९ मध्ये निवृत्त झाल्यावर कार्टूनमधला शॅगीचा आवाजही लिलार्डकडे आला. असा माणूस सापडला तर काय करायचं? सोपं आहे. २०२०च्या 'स्कूब' या मोठ्या ॲनिमेशनपटाच्या वेळी स्टुडिओने केलं तेच, तो काढून दुसरं नाव घ्यायचं.

तुम्ही विचाराल, एवढं सगळं करून बुडालो तर? छे हो. २००२च्या सिनेमाने जगभरात साडेसत्तावीस कोटी डॉलर कमावले. समीक्षक नाकं मुरडत राहिले आणि बाहेर रांगा लागल्या. दुसऱ्याने अठरा कोटींच्या आसपास केले, ते कमी वाटले, म्हणून तिसरा निघालाच नाही. पुढे दूरचित्रवाणीवर नव्या नटांचे दोन आले, पहिला बरोब्बर चाळिसाव्या वाढदिवशी, १३ सप्टेंबर २००९ला. त्यांतही भुतं खरीच. फार बोलण्यासारखं काही नाही.

आणि समजा सगळंच अंगाशी आलं, तरी एक वाट आहे. २०२२ साली 'स्कूब'चा नाताळातला भाग जवळजवळ पूर्ण झाला होता. चार कोटी डॉलरचा सिनेमा. कंपनी नव्या मालकांच्या हातात गेली आणि तो कपाटात गेला, कायमचा. बातम्यांत कारण आलं ते करातल्या सवलतीचं. संगीत ध्वनिमुद्रित करायची जागा आधीच भाड्याने घेतलेली होती, म्हणून न दाखवायच्या सिनेमाचं संगीत तरी वाजवून घेतलं म्हणे. तो प्रसंग वाचला आणि आजीची आठवण झाली. तिने पाचव्या मिनिटाला विचारलं असतं, जागा कुणाच्या नावावर आहे, आणि या वेळी उत्तर मिळालं असतं.

आता नेटफ्लिक्सने नवी मालिका जाहीर केली आहे, पुन्हा हाडामांसाचीच. ग्रेट डेनचं हरवलेलं पिल्लू एका खुनाचं साक्षीदार आहे म्हणे, आणि तो खून अलौकिक असू शकतो. म्हणजे वाट चुकलेली नाही.

तुमचा सिनेमा लागला की पहिल्याच खेळाला घरातलं सात-आठ वर्षांचं पोर घेऊन बसा. तासाभराने ते बाही ओढून विचारेल, "मुखवटा कधी काढणार?" त्याच्या हातात पॉपकॉर्न द्या. मोठा डबा घ्या, छोटा पुरत नाही.