स्प्रेची सवय लागते म्हणे. कुठल्या?

पाऊस ओसरला की आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक संदेश हमखास फिरतो. यंदा आत्याने पाठवला: ‘नाकाची अ‍ॅलर्जी सात दिवसांत मुळापासून घालवा. नाकात स्प्रे मारू नका, सवय लागते. सकाळी नळाच्या पाण्याने जलनेती, चमचाभर गावरान मध, रात्री वाफ. दूध बंद.’ उठल्याउठल्या वीस शिंका देणारा घरात मीच, म्हणून खाली माझं नावही टाकलं होतं. आत्या, रागावू नकोस.

आधी स्प्रे, कारण खरं नुकसान तिथे आहे. नाक चोंदलं की आपण दुकानातून आणतो ते झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब. ते नाकातल्या रक्तवाहिन्या आकसवतात, पाच-दहा मिनिटांत नाक मोकळं. तेच चार-पाच दिवसांच्या पुढे चालू ठेवले, तर असर उतरताच नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं आणि हात पुन्हा बाटलीकडे जातो. ही सवय खरी आहे; मी दोन महिने ती बाटली उशाशी घेऊन झोपलोय. पण अ‍ॅलर्जीवर डॉक्टर देतात तो फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोनचा स्प्रे निराळा. तो सूज उतरवतो, तेही सावकाश. पूर्ण गुण यायला आठवडा-दोन आठवडे लागतात आणि लोक तिसऱ्याच दिवशी ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडतात. त्यात ‘स्टेरॉइड’ शब्दाची धास्ती. वास्तविक मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते आणि रक्तात फार थोडी उतरते. नाक कोरडं पडतं, कधी रक्त येतं. म्हणून स्प्रेचं तोंड नाकाच्या मधल्या पडद्याकडे न करता कानाच्या दिशेने धरायचं. डाव्या नाकपुडीला उजवा हात घेतला की ते आपसूक जमतं.

जलनेतीला माझा विरोध नाही. मिठाच्या पाण्याने धूळ आणि परागकण धुऊन निघतात, बरं वाटतं. भांडण ‘नळाच्या’ या शब्दाशी आहे. नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा पाण्यातून पोटात गेला तर काही करत नाही, नाकातून मात्र थेट मेंदू गाठतो. २०११ साली अमेरिकेतल्या लुइझियानात नेतीसाठी नळाचं पाणी वापरणारे दोघे त्यानेच दगावले. प्रकार दुर्मीळ, पण पाणी उकळून कोमट करायला कितीसा वेळ लागतो? अर्ध्या लिटरला एक छोटा सपाट चमचा मीठ. साधं पाणी झोंबतं.

मध पोळीला लावून खुशाल खा. मधातल्या परागांची शरीराला सवय होऊन अ‍ॅलर्जी जाते म्हणे, पण मधमाशी गोळा करते ते बहुतेक फुलांचे जड, चिकट पराग. शिंका आणणारे गवताचे पराग वाऱ्यावर येतात. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मधाचं बोटही नको. वाफेने घटकाभर बरं वाटतं, अ‍ॅलर्जी जात नाही. पोरांना उकळत्या पातेल्यावर वाकवू नका, भाजतात. दुधाने कफ वाढत नाही, लाळेत मिसळून घशाला दाट लागतं, एवढंच.

आणि ‘मुळापासून’ म्हणणाऱ्या या संदेशात गादी-उशीचा उल्लेखच नाही! पुष्कळांच्या शिंका तिथल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या धूळकिड्यांमुळे असतात. चादरी आणि अभ्रे आठवड्याला कढत पाण्यात, केर काढण्याऐवजी ओलं फडकं, बंद खोलीत अगरबत्ती आणि डासांची कॉइल नको. छातीत घरघर किंवा धाप लागत असेल तर घरगुती प्रयोग थांबवून डॉक्टर गाठायचा.

आत्या, दिवाळीला येतोच आहे. पाहुण्यांची गोधडी तेवढी पेटीतून काढून, धुऊन उन्हात टाक.