आधी तोंड कोणते ते सांगा

शाळेच्या सहलीबरोबर कात्रजच्या सर्पोद्यानात गेलो होतो, तेव्हा साप ओळखणे ही जगातली सर्वांत सोपी विद्या आहे असे माझे मत झाले होते, कारण तिथे प्रत्येक सापाशेजारी त्याच्या नावाची पाटी होती. पुढे कोथरूडला टेकडीच्या पायथ्याशी तळमजल्यावर घर घेतले, आणि ज्या शहरात जिन्यापासून कचऱ्याच्या डब्यापर्यंत प्रत्येक वस्तूला पाटी आहे, त्या शहरात घरी येणारा साप मात्र पाटीवाचून येतो, हे लक्षात आले.

पहिला आला तो मोगऱ्याच्या कुंडीतून. सौभाग्यवती माती बदलत असताना वीतभरही नसलेले, सुतळीएवढे, काळसर चकचकीत असे काहीतरी खुरप्यावर आले. गांडूळ मातीला चांगले असते म्हणून ती ते कौतुकाने परत ठेवणार, तोच त्या गांडुळाने जीभ बाहेर काढली. गांडुळाला जीभ नसते एवढे जीवशास्त्र आम्हा दोघांनाही येत असल्यामुळे पुढच्या क्षणी खुरपे एकीकडे, कुंडी दुसरीकडे आणि मी स्टुलावर अशी विभागणी झाली.

सर्पमित्राने फोनवरच निदान केले, की हा वाळा. सापाचे नाव बाळाच्या पायातल्या दागिन्यासारखे असावे याचे मला बरे वाटले. डोळे म्हणजे खवल्यांखालचे दोन ठिपके, शेपटीच्या टोकाला बारीकसा काटा, विष अजिबात नाही, आणि आहार मुंग्या-वाळवीच्या अंड्यांचा. कुंड्यांमधल्या मातीतून प्रवास करत ही जात जगभर पसरली आहे. तिच्यात नर नसतातच. सगळ्या माद्या, आणि त्या नरावाचून प्रजा वाढवतात. ही माहिती मी मोठ्याने वाचून दाखवली, तेव्हा सौभाग्यवतींनी कुंडी सरळ करता करता विचारले, "मग काही अडतं का त्यांचं?"

खरी परीक्षा पुढे आषाढात झाली. रात्री साडेअकराला दाराशी चपलांच्या स्टँडमागे हातभर लांबीचे एक वेटोळे दिसले. रंग गडद, त्यावर पांढरट आडवे पट्टे. मी दुरून फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. एरवी पाण्याच्या टँकरचे पैसे मागितले की ज्या ग्रुपवर चिटपाखरू फिरकत नाही, तिथे पाच मिनिटांत सतरा सर्पतज्ज्ञ जमले. समोरच्या आजोबांनी नाग म्हटले, कारण त्यांच्या तरुणपणी इथे नागच असत. दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त प्राध्यापकांनी साप विषारी, निमविषारी आणि बिनविषारी अशा तीन प्रकारचे असतात असे सांगून विषय तिथेच सोडला. निमविषारी हा वर्ग मला पुण्यातल्या माणसांमुळे आधीपासूनच परिचित होता. अखेर वाद दोन नावांवर येऊन थांबला: कवड्या की मण्यार?

आता कवड्या म्हणजे पाली खायला घरात शिरणारा, भिंतीवर सहज चढणारा, बिनविषारी साप. आणि मण्यार म्हणजे नाग, घोणस, फुरसे यांच्या पंक्तीतली चौथी. मण्यारीचा दंश पुष्कळदा दुखतही नाही, झोपेत चावली तर कळतही नाही. पुढे पापण्या जड होतात आणि उपचार मिळाले नाहीत तर श्वास बंद पडतो. हे वाचताना रात्रीचे बारा वाजले होते आणि माझ्या पापण्या जड झाल्या होत्या.

दोघांमधला फरक कागदावर अगदी सोपा आहे. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे विरत जातात. मण्यारीचे पट्टे सहसा जोडीजोडीने असतात, मानेपासून काही अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक होतात. म्हणजे पट्टे कोणत्या टोकाला आहेत एवढेच पाहायचे. अडचण इतकीच होती, की त्या वेटोळ्याचे तोंड कोणते आणि शेपूट कोणते हे मला सांगता येत नव्हते, आणि ज्याला ते ठाऊक होते तो हलायला तयार नव्हता.

सर्पमित्राला चौदा फोटो पाठवले. त्याचे उत्तर आले, "काका, यातले अकरा फोटो चपलांचे आहेत." मी पट्ट्यांचे वर्णन करू लागलो, तर तो म्हणाला, की मण्यारीच्या पिल्लांमध्ये पट्टे मानेजवळही असू शकतात, त्यामुळे पाठीच्या मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची रांग आहे का ते बघितलेले बरे. खवल्याचे कोन मोजता येतील इतक्या अंतरावर गेल्यावर सापालाही माझे काय काय मोजता येईल, याचा विचार करून मी चष्मा सापडत नसल्याचे सांगितले. "मग नका बघू," तो म्हणाला. "काठीने डिवचू नका, कोणाला मारू देऊ नका, नुसतं लांबून लक्ष ठेवा." १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने साप मारणे गुन्हा आहे, हे मी केरसुणी घेऊन आलेल्या आजोबांना तत्परतेने ऐकवले. माझ्या भित्रेपणाला कायद्याचा आधार मिळण्याचा हा पहिलाच प्रसंग होता.

तो सव्वाबाराला आला. बॅटरीचा एक झोत टाकला, हूकने स्टँड जरा सरकवला आणि म्हणाला, "कवड्या." चपटे डोके, बटणासारखे काळे डोळे, मानेपासून सुरू झालेले पट्टे, माझ्याच सपातेत तोंड खुपसून बसला होता. घाईत त्याची बरणी घरी राहिली होती, म्हणून त्याने आमच्याकडे झाकणाची एखादी बरणी मागितली. सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरात जाऊन, संचातली फुटेल म्हणून सुटी असलेली एक प्लास्टिकची बरणी निवडली, झाकणाला भोके पाडू दिली, आणि साप आत गेल्यावर विचारले, "बरणी परत मिळेल ना?"

चौथ्या दिवशी ती परत आली, स्वच्छ घासून. झाकणाच्या भोकांवर चिकटपट्टी लावून आम्ही तिच्यात मेतकूट भरले आहे. ते अजून कोणी उघडलेले नाही.