वारंवार पडणारं स्वप्न म्हणजे पितरांचा निरोप?

पितृपक्ष जवळ आला की गावाच्या, वाडीच्या, भावकीच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. कोकणातून मुंबईच्या चाकरमान्यांपर्यंत जातो आणि तिथून परत गावात येतो. एकच स्वप्न पुन्हा पुन्हा पडत असेल तर तो पितरांचा निरोप, असं त्याचं म्हणणं. साप दिसला तर पितृदोष, गढूळ पाणी दिसलं तर घरावर संकट, दात पडला तर जवळचं माणूस जाणार. पहाटेचं स्वप्न खरं होतंच. स्वप्न कुणाजवळ बोलू नये, लगेच शांती करून घ्यावी. खाली शांतीसाठी फोन नंबर. हे वाचून रात्री अंथरुणाला पाठ टेकायला घाबरणारी माणसं माझ्या ओळखीत आहेत, म्हणून यातलं एकेक विधान तपासते.

आधी साप. आपल्याकडे जांभ्याच्या गडग्यात फुरसं असतं, पावसाळ्यात मण्यार घरात शिरते, गवत कापताना हात कुठे पडतोय याकडे लहानपणापासून लक्ष ठेवावं लागतं. अशा मुलखातल्या माणसाच्या स्वप्नात साप येतो यात नवल नाही. त्यासाठी पितरांना मध्ये आणायची गरजच नाही. शिवाय साप दिसला म्हणजे सगळ्यांना एकच अर्थ कसा लागू होईल? ज्याच्या घरात सर्पदंशाने कुणी गेलंय त्याचा साप वेगळा आणि ज्यानं कालच मोबाईलवर सापाचा व्हिडिओ बघितला त्याचा वेगळा.

पाण्याच्या मुद्द्यावर मात्र मला थांबायचंय. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. ज्यांनी ती रात्र आणि तो दिवस माळ्यावर काढला त्यांतल्या एका बाईंना पाण्याचं स्वप्न अजून पडतं. तेही बारा महिने नाही. आषाढात रात्रभर पाऊस लागला आणि पत्र्यावर ताशा वाजायला लागला की. स्वप्नात नदी नसते, बाजार नसतो, फक्त जिना असतो. त्या सासूबाईंच्या औषधांचा डबा छातीशी धरून चढतायत आणि मागून पाणी एकेक पायरी गिळत येतंय. माळा हाताशी येतो आणि जाग येते. मेसेज वाचून त्यांनी मला विचारलं, "ताई, आता परत आमच्यातलं कोण जायचंय काय?"

त्या प्रश्नानं मला फार त्रास झाला. जे घडून गेलंय, ज्यातून ही बाई घरच्यांना घेऊन सुखरूप बाहेर पडली, तेच त्या मेसेजनं पुढे होणारं म्हणून तिच्या पदरात टाकलं. वास्तविक हे स्वप्न मागचं आहे. मोठ्या धक्क्यानंतर तोच प्रसंग, किंवा त्यातला एखादा तुकडा, झोपेत परत परत येणं ही मानसोपचारात चांगली ओळखीची गोष्ट आहे. पूर, दरड, अपघात, होडी उलटणं, कशानंही होतं. पावसाचा आवाज त्या आठवणीला जाग आणतो, म्हणून स्वप्नाला मोसम आहे. धक्का नसेल तिथेही वारंवार पडणारी स्वप्नं ताणाच्या काळात वाढतात आणि ताण सुटला की बऱ्याचदा आपोआप थांबतात. दहावी होऊन तीस वर्षं झालेल्या माणसाला पेपरला उशीर झाल्याचं स्वप्न पडतं, ते बहुधा हातात नवी जबाबदारी आल्यावर.

दाताचं थोडक्यात. २०१८ साली इस्रायलमधल्या संशोधकांनी दात पडल्याची स्वप्नं तपासली. त्यांचा संबंध मानसिक त्रासापेक्षा जागं होताना दात-हिरड्यांत जाणवणाऱ्या ताणाशी जास्त दिसला. हे स्वप्न सारखं पडत असेल तर एकदा दातांच्या डॉक्टरांना दाखवा.

पहाटेचं स्वप्न खरं होतं, हे तर आजीपासून सगळ्यांनी ऐकलेलं. ठळक स्वप्नं ज्या झोपेत पडतात, जिच्यात बंद पापण्यांखाली डोळे भराभर हलतात, ती झोप १९५३ मध्ये शिकागोत अझेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी नोंदवली. रात्रीतून ती साधारण दर दीड तासानं येते आणि पहाटेकडे तिचा टप्पा लांबत जातो. म्हणजे पहाटे स्वप्नं लांबलचक पडतात आणि लगेच उठल्यामुळे लक्षातही राहतात. खरी ठरलेली एक गोष्ट आपण वर्षानुवर्षं सांगतो, खोटी ठरलेली शेकडो चहाबरोबर विसरून जातो.

मग अर्थ लावायचाच नाही का? लावावा, पण पुस्तकातल्या यादीवरून नाही. स्वप्न पहिल्यांदा कधी पडलं, त्या सुमारास घरात काय चाललं होतं, हे आधी आठवावं. चित्रापेक्षा जागं होतानाची भावना बघावी: भीती, लाज, की काही राहून गेल्याची हुरहूर? वडील गेल्यावर ते स्वप्नात ओटीवर बसलेले दिसतात, काही बोलत नाहीत, असं सांगणारे कितीतरी आहेत. त्यात दोष कसला? ती माया आहे, आणि शेवटचं बोलणं राहून गेलेलं असतं. त्यांच्या नावानं पान वाढावंसं वाटलं, देवळात गाऱ्हाणं घालावंसं वाटलं, तर जरूर घालावं. मनाला आधार मिळतो. माझा विरोध आहे तो घाबरवून पैसे काढण्याला. आणि काही स्वप्नांना कारण औषधाचं असतं. रक्तदाबावरच्या प्रोप्रानोलोलसारख्या गोळ्यांनी भयाण स्वप्नं पडू शकतात. रोजची दारू अचानक सोडल्यावरही पडतात. गोळी मनानं बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

सगळ्यांत घातक सल्ला म्हणजे स्वप्न कुणाजवळ बोलू नका. उपचार नेमका बोलण्यातून सुरू होतो. दुःस्वप्नांवर एक साधी पद्धत वापरली जाते: दिवसाउजेडी ते स्वप्न लिहून काढायचं, त्याचा शेवट आपल्याला हवा तसा बदलायचा आणि ते नवं स्वप्न रोज थोडा वेळ डोळ्यांपुढे आणायचं. त्या चिपळूणच्या बाईंना मी हेच सुचवलं, पण मोठा धक्का असेल तर सोबत समुपदेशक असलेला बरा. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. आणि घरातलं वयस्क माणूस झोपेत ओरडत, हातपाय झाडत स्वप्न जगत असेल, शेजारी झोपलेल्याला लागत असेल, तर बाहेरचं काही झालंय म्हणून देवऋषीकडे नेऊ नका. ते पार्किन्सनसारख्या मेंदूच्या आजाराचं आधीचं लक्षण असू शकतं. त्याला मेंदूविकार तज्ज्ञांकडेच न्यायला हवं.