घरबसल्या व्युत्पत्तितज्ज्ञ व्हा

शब्दांचे मूळ शोधायला संस्कृत-प्राकृत यावे लागते, फारसी आणि कन्नडची तोंडओळख असावी लागते, कोश चाळावे लागतात, अशी एक जुनाट समजूत आहे. ती साफ चुकीची असल्याचे गेल्या 27 फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, घोडबंदर रस्त्यावरील आमच्या सोसायटीच्या सभागृहात एका वक्त्यांच्या भाषणात सिद्ध झाले. तेथे पदरात पडलेले ज्ञान आपल्यालाही मिळावे, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रथम माइक हाती घ्यावा आणि तो कोणालाही देऊ नये.

मग शब्द मधोमध मोडावा. आमच्या वक्त्यांनी खुर्ची मोडली. ‘खुरांवर उभी राहते ती खुर्ची’ असे त्यांनी सांगताच पहिल्या रांगेने टाळ्या वाजवल्या, आणि त्या भरात एका काकांच्या प्लास्टिकच्या खुर्चीचा एक खूर फाकला. मूळ अरबी ‘कुर्सी’ फारसीच्या वाटेने आपल्याकडे आली, एवढेच मी म्हणालो, तर मागून प्रश्न आला, ‘म्हणजे आमचे पूर्वज काय उभेच राहत होते?’ अहो, पूर्वज पाटावर बसत होते, चौरंगावर बसत होते, मंचकावर लोळतही होते. खुर्ची हा शब्द बाहेरून आल्याने त्यांची बैठक कोणी काढून घेतलेली नाही! शिवाय चार पाय म्हणजे चार खूर असतील, तर टेबल, पलंग आणि देवघरातला चौरंग यांनी काय पाप केले? म्हशीला तर खरोखरचे खूर असतात. तिला अजून कोणी खुर्ची म्हटलेले नाही.

तूप मात्र ‘तापवतात म्हणून तूप’ एवढ्यावरच आटोपावे. शेजारच्या कन्नडमध्ये ‘तुप्प’ आहे, हे शेजाऱ्यांनाच ठाऊक असू द्यावे.

गावाच्या नावासाठी तर घराबाहेरही पडू नये. पोलीस ठाणे होते म्हणून ठाणे, हे वक्त्यांनी एका वाक्यात निकालात काढले. शिलाहार राजांच्या जुन्या कोरीव लेखांतले ‘श्रीस्थानक’ कोण वाचत बसतो? स्थानक झिजून ठाणे झाले आणि रेल्वेने त्यापुढे पुन्हा स्थानक लावले, त्यामुळे ‘ठाणे स्थानक’ म्हणताना आपण रोज एकच शब्द दोनदा उच्चारतो, ही गंमत तेथे सांगायची माझी फार इच्छा होती. पण माइक कोणाकडे होता, हे वर आलेच आहे.

कार्यक्रमानंतर वडापाव होता. ‘मराठीत परकीय काहीही नाही’ असे ठणकावून आलेल्या मंडळींनी पोर्तुगीज बटाटा पोर्तुगीज पावात घालून मिटक्या मारत खाल्ला.

आता पुरे, वक्तेमहाशय. हस्त–हत्थ–हात, सप्त–सत्त–सात, कर्ण–कण्ण–कान अशी शब्दांची झीज ठरावीक वाटेने होते. ती वाट एका शब्दात दिसली की शेकडो शब्दांत दिसते, आणि जी युक्ती एकाच शब्दापुरती चालते ती व्युत्पत्ती नसून कोटी असते. कोटी करायची तर खुशाल करा, पण तिला संशोधन म्हणून मुलांच्या गळी उतरवू नका. आणि ज्यांच्या नावाने तुम्ही भाषणाचा शेवट केलात, त्या शिवाजी महाराजांनी रघुनाथ पंडितांकडे राज्यव्यवहारकोश सोपवला, तो फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी. फारसी शब्द कोणता, हे आधी ओळखल्याशिवाय त्याला पर्याय देता येतो का? सगळेच शब्द मुळात आपलेच, असे पंडितांनी मानले असते, तर महाराजांच्या हाती कोरी पाने पडली असती. कृ. पां. कुलकर्णी यांचा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ 1946 साली निघाला आहे, ठाण्यातले मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासून उभे आहे, आणि तुम्ही निवृत्त आहात, तुमच्याकडे वेळच वेळ आहे. पुढच्या फेब्रुवारीत माइकला हात लावण्यापूर्वी एक दुपार तिकडे जाऊन बसा. बसायला खुर्च्या आहेत.