पॉज केलेलं विमान आणि तापलेलं कार्ड

'सिम्युलेटर वापरणाऱ्यांनी जरूर वाचा' असा एक मेसेज सध्या फिरतोय. पाच मुद्दे, शेवटी हात जोडलेले. आमच्या घरच्या ग्रुपवर आला तेव्हा मी नेहमीप्रमाणे सोडूनच दिला असता, पण भाच्याने तो मनावर घेतला. पोरगा पायलट व्हायचं म्हणून एक्स-प्लेनवर, म्हणजे संगणकावर विमान उडवण्याच्या सिम्युलेटरवर, सराव करतो. हल्ली रात्री विमान हवेतच पॉज करतो, लॅपटॉप गादीवर ठेवतो आणि खुशाल झोपतो. वर मलाच विचारतो, "मामा, पंखा एवढा का बोंबलतो?"

बोंबलणारच. मेसेजचा पहिलाच मुद्दा असा: "पॉज केलं की ग्राफिक्स कार्ड विश्रांती घेतं." साफ खोटं. पॉजने थांबतं ते उड्डाणाचं गणित. चित्र काढणं चालूच राहतं. तोच ढग, तीच धावपट्टी, तेच काट्यांचं पॅनेल कार्ड पुन्हा पुन्हा रंगवत बसतं, आणि कुणी मर्यादा घातलेली नसेल तर जमेल तितक्या वेगाने रंगवतं. तुमचा स्क्रीन ६० हर्ट्झचा असेल तर तो सेकंदाला ६० वेळाच बदलतो. कार्डाने दीडशे चित्रं काढली तर वरची नव्वद तुमच्या काही उपयोगाची नाहीत. वीज आणि उष्णता मात्र दीडशेची. त्यात दृश्य जितकं सोपं तितका हा वेग जास्त. म्हणजे साधा मेनू उघडा ठेवून जेवायला गेलात तरी कार्ड तापू शकतं.

हे मी मनाने सांगत नाही. २०१० साली 'स्टारक्राफ्ट २' हा गेम आला तेव्हा लोकांची कार्डं मेनूच्या स्क्रीनवरच तापू लागली. ब्लिझर्ड कंपनीने स्वतः मान्य केलं की काही स्क्रीनवर हार्डवेअर पूर्ण वेगाने चित्रं काढत राहतं आणि मशीन थंड ठेवण्याची सोय अपुरी असेल तर ते जास्त तापू शकतं. सेटिंगच्या फाइलमध्ये दोन ओळी घालायला सांगितल्या: खेळात सेकंदाला ६० फ्रेमची, म्हणजे चित्रांची, मर्यादा, मेनूत ३०. "तो गेम होता, सिम्युलेटर नव्हे" असं कुणी म्हणेल. कार्डाला त्याने काय फरक पडतो? त्याच्याकडे काम येतं ते चित्रं काढण्याचं.

"पंखा जोरात म्हणजे कार्ड थंड होतंय." मेसेजमधला सगळ्यात घातक मुद्दा हाच, कारण तो ऐकायला शहाणपणाचा वाटतो. पंखा जोरात म्हणजे कार्ड गरम आहे, एवढंच. बहुतेक लॅपटॉप हवा खालून घेतात. गादीवर ठेवला की तो रस्ताच बंद. मग पंखा कितीही फिरला तरी आतलीच गरम हवा घुसळणार. चिप स्वतःला वाचवायला वेग कमी करते, हे खरं. पण शेजारी बॅटरी आहे, तिला सतत उष्णता सोसत नाही. आणि रात्रभर कापसावर तापलेलं यंत्र ठेवून झोपायचं म्हणजे कमालच झाली.

"वीज नगण्य." गणित करा. डेस्कटॉपवरचं आरटीएक्स ३०६० हे कार्ड पूर्ण जोरात १७० वॅटपर्यंत घेतं. आठ तास तसंच राहिलं तर १.३६ युनिट, महिन्याला चाळीसच्या वर. महावितरणच्या बिलात शंभर युनिटांच्या पुढचा दर चढा असतो, तो भरताना 'नगण्य' म्हणून बघा.

"एफपीएसला मर्यादा घातली तर विमान चुकीचं उडतं." एफपीएस म्हणजे सेकंदाला किती फ्रेम. हे अर्धं खरं आहे, नाइलाजाने कबूल करतो. एक्स-प्लेन उड्डाणाचं गणित फ्रेमच्या हिशेबाने करतं, आणि फ्रेम सेकंदाला २० च्या खाली गेल्या की सिम्युलेटरमधला वेळच मंदावतो. म्हणून मर्यादा १५ ठेवू नका. ३० किंवा ६० ठेवायला काहीच हरकत नाही, आणि पॉजवर तर बिघडायला गणितच चालू नसतं.

पावसाळ्यात ओल लागू नये म्हणून कार्ड गरम ठेवायचं, हा पाचवा मुद्दा. मग फ्रीजही तापवून ठेवा.

करायचं काय, तर एक्स-प्लेनमध्ये व्हीसिंक चालू करा, म्हणजे चित्रांचा वेग स्क्रीनच्या वेगापुढे जात नाही. कार्ड एनव्हिडिया कंपनीचं असेल तर तिच्या कंट्रोल पॅनेलमध्ये कमाल फ्रेम रेट ठरवता येतो. मागच्या विंडोत चालू राहिलेल्या प्रोग्रामसाठी वेगळी मर्यादाही आहे, पण ती तुम्ही दुसऱ्या विंडोवर गेलात तरच लागू होते. सिम्युलेटर समोर उघडा ठेवून चहाला गेलात तर नाही. एएमडी कंपनीचं कार्ड असणाऱ्यांना रेडिऑन चिल ही सोय आहे, तुमचा हात थांबला की तो फ्रेम कमी करतो. फरक पडला का, ते विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूच्या (ग्राफिक्स कार्डाच्या चिपच्या) आलेखावर लगेच दिसतं. मिनिमाइझ करण्यावर विसंबू नका. काही प्रोग्राम तेव्हा चित्र काढणं थांबवतात, काही नाही.

आणि झोपताना, बाळा, फ्लाइट सेव्ह कर आणि एक्स-प्लेन बंद कर. सकाळी तिथूनच पुढे उडता येतं.