बॅटरीची एकादशी

माझ्या लॅपटॉपचे पोट सुटले आहे, हे मला गेल्या शुक्रवारी म्हापशाच्या एका दुरुस्तीच्या दुकानात चार गिऱ्हाइकांदेखत सांगण्यात आले. आठवडाभर टचपॅड वर उचलल्यासारखा दिसत होता. खालचे झाकण उघडल्यावर आतली बॅटरी पोदेराच्या पावासारखी टम्म फुगलेली निघाली.

दुकानदार ‘बदलावी लागेल’ एवढे म्हणून मोकळा झाला असता; पण मांडीवर मिक्सर घेऊन बाकावर बसलेल्या एका निवृत्त तारवटी काकांना ते निदान त्रोटक वाटले. बोटीवर बत्तीस वर्षे इलेक्ट्रिशियन होतो, हे त्यांनी आधी जाहीर केले, मिक्सर बाजूला ठेवला आणि माझी उलटतपासणी सुरू केली.

“चार्जर काढता की नाही?”

“घरी असतो तेव्हा लावलेलाच असतो.”

“आणि बाहेर नेता तेव्हा?”

“बाहेर नेतच नाही.”

“म्हणजे चोवीस तास खाणे!” हे ते मला नव्हे, दुकानाला उद्देशून म्हणाले. “अहो, माणूससुद्धा चोवीस तास जेवला तर फुगेल. बॅटरीला एकादशी घडली पाहिजे. पार शून्यावर न्यायची, मग पोटभर द्यायचे.”

मी चाचरत सांगितले, की दर महिन्याच्या पहिल्या रविवारी यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत मी ते उपाशी ठेवत आलो आहे.

“महिन्यातून एकदाच? एकादशा दोन असतात!”

काउंटरपाशी उभ्या असलेल्या बाईंनी मान डोलावली. मी शिक्षा सुनावलेल्या आरोपीसारखा गप्प राहिलो, आणि ते गप्प राहणे मला अजून सलते आहे.

कारण हा उपासाचा सल्ला मुळात जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांचा होता; अर्धवट वापरून पुन्हापुन्हा भरल्यास त्या तेवढ्याच वापराच्या सवयीच्या होत. १९९१ साली बाजारात आलेल्या लिथियम-आयन जातीला उपासही सोसत नाही आणि तुडुंब पोटही. काकांचा ‘चोवीस तास खाण्या’चा आरोपही खोटा आहे, कारण भरल्यावर चार्जिंग थांबते आणि लॅपटॉप थेट अडॅप्टरवर चालतो. मात्र शंभर टक्क्यांवर प्रत्येक सेल सुमारे ४.२ व्होल्टच्या ताणाखाली राहतो, आणि त्यात उष्णतेची भर पडली की आतली रसायने झिजतात, कधी वायूही धरतात. मी तर मे महिन्यात, कौलांखालच्या खोलीत, आईने विणलेल्या क्रोशाच्या रुमालावर लॅपटॉप ठेवून त्याच्या खालच्या जाळ्याही बुजवल्या होत्या. विंडोजच्या बॅटरी रिपोर्टमध्ये मूळची ५०,००० मिलिवॉट-तासांची क्षमता २९,००० वर आलेली दिसली. पावसाळ्यात तारांवर माड पडून वीज गेली तर काम अडू नये, म्हणून तीन वर्षे मी ती काठोकाठ भरून ठेवली होती; म्हणजे दुर्लक्षाने नव्हे, काळजीने मारली.

खरा संताप पुढेच आहे. चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर थांबवण्याची सोय माझ्याच यंत्रात पहिल्या दिवसापासून होती, पण बंद करून, सेटिंगच्या पाचव्या पडद्याआड ठेवलेली. लॅपटॉप पाण्यात बुडवू नये, हे सांगायला पुस्तिकेत दोन ओळी होत्या. एवढी एक ओळ छापली असती तर माझे ४,२०० रुपये वाचले असते, आणि काकांचे कीर्तनही.

नवी बॅटरी बसवली, मर्यादा ऐंशीवर लावली, रुमाल काढून खाली लाकडी पाट दिला. परवा वीज गेली तेव्हा ऐंशी टक्क्यांवर माझे दीड तासाचे काम सुरळीत पार पडले, हे मी मोठ्या अभिमानाने आईला दाखवायला गेलो. तिने आधी पाटावरचा लॅपटॉप, मग पडद्यावरचा आकडा पाहिला.

“पैसे पूर्ण दिलेस ना रे? मग वीस टक्के कोणासाठी ठेवलेत?”